‘फँटम’ने मारलेला हेडली कोर्टात बोलायला आला

१० एप्रिल २०२५ ला संध्याकाळी तहव्वूर राणाला घेऊन आलेलं विमान दिल्लीत उतरलं आणि थोड्याच वेळात आमच्या इंजिनिअरिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘फँटम’ची क्लिप आली. सैफ अली खान, बंदूक, मागे दणदणीत म्युझिक. खाली एकाने लिहिलं होतं, ‘आता याचा नंबर’. त्यावर धडाधड आगीचे इमोजी. मी ऑफिसच्या कॉलमध्ये म्यूटवर बसलो होतो. बसल्या बसल्या टाइप केलं, ‘हा पिक्चर फालतू होता रे. पुस्तकाची वाट लावली होती यांनी.’

पुढचे दोन दिवस माझी वाट लागली. ‘पुस्तकवाला आला’, ‘भावा, पिक्चर पिक्चरसारखा बघ’, ‘तुला काय हेडलीचा पुळका आलाय का’. एकाने तर ‘ग्रुपवर राजकारण नको’ असंही लिहिलं. त्यात राजकारण कुठे होतं ते मला अजून कळलेलं नाही. व्हॉट्सॲपवर चार ओळींपेक्षा जास्त कुणी वाचत नाही, म्हणून इथे सविस्तर भांडतो.

‘फँटम’ २८ ऑगस्ट २०१५ ला आला. तेव्हा मी फर्स्ट इयरला होतो आणि आम्ही भिंगारची चार पोरं नगरच्या थिएटरात पहिल्या दिवशी गेलो होतो. (आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण बोलताना आमच्या तोंडून ‘नगर’च निघतं.) एस. हुसेन झैदींची ‘मुंबई ॲव्हेंजर्स’ ही कादंबरी त्याच वर्षी आली होती आणि तिची एकच प्रत आमच्या चौघांत फिरली होती. इंग्रजी वाचायची सवय नव्हती. एक जण वाचायचा आणि संध्याकाळी बाकीच्यांना कथा सांगायचा, असा कारभार होता. माझ्या आयुष्यातलं ते शेवटपर्यंत वाचलेलं दुसरं किंवा तिसरं इंग्रजी पुस्तक असेल.

कादंबरीची कल्पना सरळ आहे. २६/११ चे सूत्रधार पाकिस्तानात आणि इतरत्र मोकळे किंवा सुरक्षित आहेत, कायद्याचा हात तिथवर पोचत नाही, म्हणून निवृत्त लेफ्टनंट जनरल सय्यद अली वारिस यांच्या नेतृत्वाखाली एक छोटं गुप्त पथक त्यांना एकेक करून टिपायला निघतं. हे काही महान साहित्य नाही. भाषा रिपोर्टरची आहे, कोरडी आणि भराभर पुढे जाणारी. पण आम्हाला तिच्यात मजा आली ती वारिस यांच्यामुळे. एक म्हातारा माणूस, निवृत्तीनंतरचा, टेबलाशी बसून माणसं निवडतो, कोण काय करू शकेल याचा विचार करतो. भिंगारमध्ये राहणाऱ्या पोराला असा माणूस लगेच ओळखता येतो. आमच्याकडे आर्मर्ड कोअरचं सेंटर, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, के. के. रेंजवर फायरिंग सुरू झालं की खिडक्यांच्या काचा थरथरतात. दर दुसऱ्या गल्लीत एखादे निवृत्त सुभेदार सकाळी सहाला फाटक पुसताना दिसतात. सैन्य म्हणजे एकटा धावणारा हिरो नसतो, ते रजिस्टर, सह्या, स्टोअर आणि ड्यूटीचा तक्ता असतो, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

कबीर खानने काय केलं? पथक काढून टाकलं. जनरल काढून टाकला. त्यांच्या जागी सैन्यातून बडतर्फ झालेला, बापाच्या नजरेतून उतरलेला, एकलकोंडा दानियाल खान आणला आणि सोबतीला कतरिना कैफ. ‘रॉ’मधल्या एका तरुण अधिकाऱ्याला कल्पना सुचते, प्रमुख हो-नाही करत मान डोलावतात आणि मग हा एकटा गडी लंडन, शिकागो, सीरिया, पाकिस्तान असा फिरत एकेकाला उडवतो. पात्रांची नावं कुठे तीच, कुठे जराशी फिरवलेली. एक गोष्ट मात्र त्यांनी राखली: नायक मुसलमान आहे आणि त्याचं कुठे भाषण केलेलं नाही. तेवढं श्रेय देतो. झैदींचं नावही श्रेयनामावलीत आहे, त्यामुळे लेखकावर अन्याय झाला म्हणून मी रडत नाहीये. रडतोय तो वाचक म्हणून.

आमच्या शेजारचे सुभेदार काका आमच्यासोबत त्या शोला आले होते. त्यांना पिक्चरचा शौक नाही, पण ‘आर्मीवाला पिक्चर आहे’ असं सांगून आम्ही त्यांना नेलं होतं. मध्यंतरात समोसा खाताना ते एवढंच म्हणाले, ‘ह्या पोराच्या गाडीत डिझेल कोण भरतंय रे?’ आम्ही हसलो. ते हसत नव्हते. ‘नाही, खरंच विचारतो. ह्याला पासपोर्ट कुणी दिला? हत्यार कुणाच्या सहीनं निघालं? झोपतो कुठं? तीन देश झाले, पोरगं एकदा जेवलेलं दिसलं नाही.’

दहा वर्षं झाली, या पिक्चरची यापेक्षा चांगली समीक्षा मी वाचलेली नाही.

हेरकथेत डिझेल कोण भरतं हीच गोष्ट असते. बंदूक झाडणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात छोटं काम आहे, ते दोन सेकंदांत होतं. त्या दोन सेकंदांपर्यंत पोचायला सहा महिने लागतात आणि ते सहा महिने म्हणजे कादंबरी. खोटं नाव, त्या नावाचं भाड्याचं घर, त्या घराचं लाइटबिल, शेजारणीने विचारलेला नको तो प्रश्न. ‘फँटम’ने हे सहा महिने कापून फेकले आणि दोन सेकंद ताणून अडीच तासांचे केले.

आता हेडलीकडे येऊ, कारण माझा खरा राग तिथे आहे.

पिक्चरमध्ये डेव्हिड हेडली शिकागोच्या तुरुंगात मरतो. आपला हिरो स्वतःला त्या तुरुंगात टाकून घेतो आणि न्हाणीघरात त्याचा काटा काढतो. नगरच्या थिएटरात तेव्हा शिट्ट्या पडल्या. मीही वाजवली. तुम्हीही वाजवली असती. राग खरा होता. त्याच वर्षी, १० एप्रिल २०१५ ला, लखवी रावळपिंडीच्या तुरुंगातून बाहेर पडला होता. (राणा भारतात आला ती तारीखही १० एप्रिलच, बरोबर दहा वर्षांनी. निव्वळ योगायोग आहे, पण तेव्हा ग्रुपवर लिहायला सुचलं नाही याची हळहळ वाटते.) हेडलीने अमेरिकेत आधीच सौदा केला होता: गुन्हा कबूल, सगळं सांगतो, बदल्यात फाशी नाही आणि भारताच्या ताब्यात देणं नाही. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. १६६ माणसं मेली त्या हल्ल्यात. त्यामुळे शिट्टी समजू शकते.

पण पिक्चर आल्यानंतर साडेपाच महिन्यांनी, ८ फेब्रुवारी २०१६ ला, तोच हेडली मुंबईच्या विशेष न्यायालयात व्हिडिओ लिंकवरून साक्ष द्यायला बसला. माफीचा साक्षीदार म्हणून. समोर सरकारी वकील उज्ज्वल निकम. आणि तो बोलला. दाऊद गिलानी हे नाव बदलून डेव्हिड हेडली का घेतलं, ते सांगितलं: भारतात शिरायला सोपं जावं म्हणून. व्हिसाच्या अर्जात खोटी माहिती कशी भरली, ते सांगितलं. २६/११ च्या आधी दोनदा प्रयत्न फसले होते, एकदा तर बोट खडकावर आपटून हत्यारं गेली होती, हेही सांगितलं.

मी तेव्हा सेकंड सेमिस्टरला होतो. मोबाइलवर त्या बातम्या वाचताना अंगावर काटा आला. पिक्चर बघताना आला नव्हता. बोट खडकावर आपटली! म्हणजे सप्टेंबर २००८ मध्ये मुंबई एका खडकामुळे वाचली आणि आपल्याला पत्ताही नव्हता. कुठल्या पटकथाकाराला हे सुचलं असतं? आणि ज्या माणसाच्या तोंडून हे सगळं बाहेर यायचं होतं, त्याला आपण थिएटरात शिट्ट्या मारत शॉवरखाली संपवून मोकळे झालो होतो.

इथे ग्रुपवरचे लोक म्हणतील, मग काय त्याच्या साक्षीचा पिक्चर काढायचा का? बोअर होईल. मी म्हणतो, त्या माणसाने मुंबईत काय काय केलं ते बघा आणि मग सांगा. ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये त्याने इमिग्रेशनचं ऑफिस थाटलं. हे ऑफिस राणाच्या शिकागोतल्या कंपनीच्या नावावर, म्हणून तर राणा महत्त्वाचा. ब्रीच कँडीच्या एका जिममध्ये जायला लागला. तिथे ट्रेनरशी आणि महेश भट यांचा मुलगा राहुल याच्याशी दोस्ती केली. त्यांना बिचाऱ्यांना काहीच कल्पना नव्हती. ताजमध्ये राहिला, कॅमेरा घेऊन फिरला. जीपीएस घेऊन समुद्रात बोटीतून चकरा मारल्या आणि कफ परेडच्या बाजूला कोळीवस्तीजवळ उतरायची जागा हेरली. एक गोरागोमटा, बोलघेवडा, पैसेवाला अमेरिकन. त्याच्याशी दोस्ती करायला आपण सगळे किती उत्सुक असतो, यावर त्याचा सगळा डाव उभा होता.

गंमत म्हणजे हे सगळं झैदींना आधीच माहीत होतं. राहुल भटसोबत त्यांनी २०१२ मध्येच ‘हेडली अँड आय’ हे पुस्तक केलं होतं. एकाच लेखकाच्या कपाटात दोन पुस्तकं होती, एकात खरा हेर, दुसऱ्यात मनासारखा सूड. बॉलिवूडने दुसरं उचललं आणि त्यातलाही कामाचा भाग वगळला.

आता एक गोष्ट सांगतो, जी आमच्या अगदी शेजारची आहे. हल्ला चालू असताना कराचीतल्या कंट्रोल रूममधून दहशतवाद्यांना फोनवर सूचना मिळत होत्या आणि ते फोन आपल्या यंत्रणा ऐकत होत्या, रेकॉर्ड करत होत्या. मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून या भागात जरा रेंगाळतो. हे कॉल साधे नव्हते, इंटरनेटवरून फिरवलेले होते. त्यासाठी न्यू जर्सीतल्या ‘कॉलफोनेक्स’ नावाच्या कंपनीत खडकसिंग अशा भारतीय वाटणाऱ्या नावाने खातं उघडलं होतं. त्याचे पैसे, दोन-अडीचशे डॉलरच्या रकमा, मनी ट्रान्सफरने भरलेले. त्यातली एक रक्कम इटलीतल्या ब्रेशिया गावातून गेलेली. म्हणजे कराचीत बसलेला माणूस मुंबईतल्या पोराशी बोलतोय, आवाज जातोय अमेरिकेतल्या सर्व्हरवरून आणि बिल फाटतंय इटलीत. तपास करणाऱ्यांनी हे धागे एकेक करून मागे नेले. रात्री तीनला प्रॉडक्शन पडल्यावर लॉग उलटे वाचत बसलेल्या कुणालाही कळेल की यात थरार असतो. तो थरार बाहेरून बघताना एक माणूस आणि एक स्क्रीन एवढाच दिसतो, हे मान्य.

तर त्या रेकॉर्डिंगमध्ये एक आवाज वेगळा होता. बाकीचे सूत्रधार पंजाबी वळणाचं उर्दू बोलत होते. हा एक जण मध्येच ‘प्रशासन’सारखे शब्द वापरत होता. पाकिस्तानातला माणूस ‘प्रशासन’ म्हणत नाही, ‘इंतजामिया’ म्हणतो. हा माणूस इकडचा आहे, अशी शंका त्या शब्दामुळे आली, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. कसाबनेही आपल्याला हिंदी शिकवणाऱ्या अबू जुंदालचं नाव सांगितलं होतं. जून २०१२ मध्ये सौदी अरेबियाने त्याला भारताच्या हवाली केलं. तो निघाला झबिउद्दीन अन्सारी, बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा.

गेवराई! आमच्या शेवगावच्या पलीकडे. मे २००६ मध्ये चांदवड-मनमाड रस्त्यावर एटीएसने आरडीएक्स आणि एके-४७ पकडल्या, त्या प्रकरणातला हा फरार माणूस. तिथून निसटून तो थेट कराचीच्या कंट्रोल रूममध्ये पोचला. शेवटी ऑगस्ट २०१६ मध्ये त्या शस्त्रसाठ्याच्या खटल्यात त्याला जन्मठेप झाली.

‘प्रशासन’ हा शब्द मला झोपू देत नाही. माझा आपला एक अंदाज: गेवराईत वाढलेल्या पोराच्या कानावर हा शब्द रोज पडला असणार. ‘जिल्हा प्रशासन सज्ज’, ‘प्रशासनाचे दुर्लक्ष’. आपल्याकडच्या कुठल्याही पेपरचं कुठलंही पान काढा. नाव बदललं, देश बदलला, बोलायची ढब बदलली, आणि तहसीलसमोरच्या फलकावरचा एक शब्द जिभेवर राहून गेला. ल कारेलाही हेवा वाटावा असा हा प्रसंग आहे. यावर कुणी पिक्चर काढला? आपल्याला मात्र ‘अफगान जलेबी’ मिळाली. (गाणं चांगलं आहे, ते मान्य करतो. आमच्या गॅदरिंगला तीन वर्षं वाजलं.)

दुसरा युक्तिवाद येतो तो ‘पब्लिक’चा. पब्लिकला एवढं डोकं लावायचं नसतं, हजार लोकांसाठी पिक्चर काढायचा की करोडोंसाठी, वगैरे. हे वाक्य बोलणारा माणूस स्वतःला कधीच पब्लिकमध्ये धरत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझं उत्तर सोपं आहे. ‘फँटम’च्या बरोबर चार आठवडे आधी, ३१ जुलै २०१५ ला, हिंदी ‘दृश्यम’ आला. दिग्दर्शक निशिकांत कामत, आपला मराठी माणूस. अजय देवगणसारखा ॲक्शन हिरो घेतला आणि त्याला एकही फाइट दिली नाही. सगळा पिक्चर कशावर? बसची तिकिटं, हॉटेलचं बिल, सिनेमाची तिकिटं, दोन ऑक्टोबरला कोण कुठे होतं. एक केबलवाला पावत्या गोळा करतो आणि पब्लिक श्वास रोखून बघतं. त्याच नगरमध्ये, त्याच पब्लिकने. आजही दोन ऑक्टोबर आला की मीम पडतात. ‘फँटम’मधली एक तरी तारीख कुणाला आठवते का?

आणि दुसरं उदाहरण तर खुद्द झैदींचंच. १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचं त्यांचं ‘ब्लॅक फ्रायडे’ २००२ मध्ये आलं. त्यावर अनुराग कश्यपने पिक्चर काढला, तो खटल्यामुळे कोर्टात अडकला आणि २००७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात एक पाठलाग आहे. झोपडपट्टीतून एक संशयित पळतोय आणि मागे पोलीस. दोन मिनिटांत पोलिसांना धाप लागते. ते थांबतात, कमरेवर हात ठेवतात, शिव्या देतात, परत पळतात. पळणाराही दमतो. बघता बघता तो पाठलाग जवळजवळ विनोदी होतो, आणि तरी खुर्चीवरून हलावंसं वाटत नाही. बादशाह खान नावाचा फरारी गावोगाव भटकतो तो भाग आठवा. लॉज, फोन बूथ, संपत आलेले पैसे, कंटाळा. फरार असणं हे इतकं कंटाळवाणं असतं हे कळल्यावर त्याची भीती आपल्याला पहिल्यांदा कळते. लेखक तोच, शहर तेच. कश्यपने पुस्तकातलं काम ठेवलं. कबीर खानने पुस्तकातला सूड ठेवला.

कबीर खान वाईट दिग्दर्शक आहे असंही नाही. त्याच पावसाळ्यात त्याचाच ‘बजरंगी भाईजान’ आला होता आणि सुभेदार काकांसकट आमचं अख्खं घर त्यात रडलं होतं. म्हणून तर जास्त चीड येते. ज्याला एका मुक्या मुलीला सीमेपलीकडे पोचवायला किती खटपट लागते हे दाखवता येतं, त्याला एका हेराला सीमेपलीकडे पोचवताना खटपट दाखवावीशी का वाटली नाही?

सूडाचाच पिक्चर काढायचा तर तोही काढता येतो. स्पीलबर्गचा ‘म्युनिक’ बघा, २००५ चा. जॉर्ज जोनासच्या ‘व्हेंजन्स’ या पुस्तकावरून काढलेला. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये मारल्या गेलेल्या इस्रायली खेळाडूंचा बदला घ्यायला एक पथक निघतं. म्हणजे साचा अगदी ‘मुंबई ॲव्हेंजर्स’चाच. पण त्यात मोसादचा अधिकारी मारेकऱ्याला सांगतो की खर्चाच्या पावत्या जमा कर! ऑफिसच्या टॅक्सीचं बिल पोर्टलवर अपलोड करताना मला दर वेळी तो आठवतो. ती माणसं एकत्र स्वयंपाक करतात, भांडतात, बॉम्ब लावून झाल्यावर भलतंच माणूस घरात शिरलं म्हणून धावतात. पुढे पुढे आपण करतोय ते बरोबर का, असा किडा त्यांच्या डोक्यात शिरतो आणि जात नाही. ‘फँटम’मध्ये असा किडा कुणाच्याच डोक्यात नाही. नायक शेवटी समुद्रात मरतो, म्हणजे तोही प्रश्न मिटला. जिवंत राहिला असता तर त्याला रात्री झोप लागते का, हे दाखवावं लागलं असतं.

आपल्याकडे हेरांची परंपरा नाही असं तर कुणी म्हणू नये. अकोले तालुक्यात पट्टा किल्ला आहे, आमच्याच जिल्ह्यात. १६७९ च्या नोव्हेंबरात जालना लुटून परतताना शिवाजी महाराजांना मोगल फौजांनी गाठलं. तेव्हा बहिर्जी नाईकांनी आडवाटांनी, तीन दिवस-रात्र चालवत, सगळ्यांना सुखरूप पट्ट्यावर आणलं. महाराज तिथे विसावले म्हणून त्याचं नाव विश्रामगड. बखरीतही हा प्रसंग आहे. मी दोन पावसाळ्यांपूर्वी तिथे गेलो होतो. वर उभं राहून खाली बघितलं की कळतं, त्या डोंगररांगांत रात्रीच्या वेळी कुठली खिंड कुठे निघते हे माहीत असणं म्हणजे काय. ते माहीत करून घ्यायला बहिर्जी आधी किती वेळा एकटे त्या वाटांनी चालले असतील? आपल्या पडद्यावर बहिर्जी म्हटलं की वेषांतर आणि तलवारबाजी. वाट पाठ करणारा बहिर्जी मी अजून पाहिलेला नाही.

शेवटचा आरोप माझ्यावर असा झाला की तू स्वतः तेव्हा शिट्टी वाजवली होतीस, आता शहाणपणा शिकवतोस. बरोबर आहे. पोस्टरवरच त्यांनी साधारण असं लिहिलं होतं की ही गोष्ट खरी असती तर बरं झालं असतं. ते प्रामाणिकच होते म्हणायचे. मी बाहेर पडलो तेव्हा मला हलकं वाटलं होतं, काहीतरी मिटल्यासारखं. आणि त्या हलकेपणाचाच मला आज राग आहे. थिएटरबाहेर काहीही मिटलं नव्हतं. लखवी बाहेर होता. साजिद मीर मेला असं पाकिस्तान सांगत होतं, आणि २०२२ मध्ये त्याच पाकिस्तानच्या कोर्टाने त्याला शिक्षा दिली, म्हणजे तो जिवंत होता. गेवराईच्या माणसाचा खटला चालू होता. सीएसटीवर पायात गोळी लागलेली, तेव्हा नऊ वर्षांची असलेली एक मुलगी कुबडीवर कोर्टात आली होती आणि तिने कसाबला ओळखलं होतं. मला पिक्चर बघून हे काहीच विचारावंसं वाटलं नाही. पुस्तक वाचून निदान वाटलं होतं की हे करायला कोण, कुठून, कसं जाईल. ते पुस्तकही स्वप्नच विकत होतं. फक्त स्वप्नात किती माणसं लागतात याचा हिशेब त्यात होता.

ज्याने ती क्लिप टाकली होती त्याचा परवा रात्री फोन आला. तो आता चाकणला असतो. आधी दहा मिनिटं इन्क्रिमेंटचं रडगाणं झालं. मग म्हणाला, ‘तू ग्रुपवर लय बोलला, मग सांग ना काय बघू.’ मी ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला.

‘अरे त्या पोलिसांना खरंच दम लागतो राव.’

आणि थोड्या वेळाने दुसरा: ‘त्या राणाची पुढची तारीख कधी आहे?’

मला माहीत नव्हती. बघून सांगतो म्हणालो.